स्पर्धेच्या बार्बेक्यूचा क्लास निवडताना

अमेरिकेत बार्बेक्यूच्या स्पर्धा हे शनिवार-रविवारचं एक वेगळंच जग आहे. शुक्रवारी मैदानात तंबू लागतात, मांसाची तपासणी होते, स्मोकर, म्हणजे धुरावर मांस शिजवायच्या पेट्या, रात्रभर पेटलेले राहतात आणि शनिवारी दुपारी बारा ते दीड या वेळात सगळा सोक्षमोक्ष लागतो. घरच्या अंगणात उत्तम ब्रिस्केट (छातीचं मांस) करणारा, शेजारीपाजारी ज्याचं तोंडभरून कौतुक करतात असा माणूस इथे पहिल्यांदा उतरतो आणि बहुतेक वेळा निकालाच्या यादीत तळाच्या बाजूला सापडतो. मग त्याला वाटतं, एखादा क्लास करावा. शोधायला लागलं की डझनभर क्लास समोर येतात. प्रत्येकाच्या जाहिरातीत करंडकांची रांग असते आणि फी काही शे डॉलरपासून हजाराच्या आसपास जाते.

माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो. मसाल्याचं प्रमाण आणि सॉसची कृती मिळवायला क्लासला जाऊ नये. त्या आता सहज मिळतात, आणि जिंकणाऱ्या कित्येक टीम बाजारातलेच तयार मसाले एकमेकांत मिसळून वापरतात. पैसे मोजायचे ते आग सांभाळणं, मांस नेमकं कधी झालं ते हाताला कळणं आणि बाराच्या ठोक्यापासून उलटं मोजत आखलेलं वेळापत्रक यासाठी. हे ज्या क्लासमध्ये डोळ्यांदेखत घडतं, तो महाग असला तरी परवडतो.

आधी स्पर्धा ठरवा

"बार्बेक्यू स्पर्धा" असा एकच प्रकार नाही. तुम्ही कुठल्या संस्थेच्या नियमांखाली उतरणार आहात, त्यावर कुठला क्लास उपयोगाचा ते ठरतं.

सगळ्यात मोठा पसारा कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीचा, म्हणजे केसीबीएसचा. ही संस्था १९८५ साली सुरू झाली. तिच्या स्पर्धेत चार प्रकार असतात: चिकन, डुकराच्या बरगड्या म्हणजे रिब्ज, डुकराच्या खांद्याचं मांस म्हणजे पोर्क, आणि गाईगुरांच्या छातीचं मांस म्हणजे ब्रिस्केट. प्रत्येक प्रकार नऊ इंची चौकोनी बॉक्समध्ये, किमान सहा परीक्षकांना पुरेल इतका भरून द्यायचा. बॉक्स कोणाचा हे परीक्षकांना कळत नाही.

टेक्सासमध्ये इंटरनॅशनल बार्बेक्यू कुकर्स असोसिएशनचा, म्हणजे आयबीसीएचा जोर आहे. तिथे चिकन अर्धं कोंबडं म्हणून द्यावं लागतं, आणि बॉक्समध्ये हिरव्या पानांची सजावट करायला परवानगी नसते. केसीबीएसवाल्या क्लासमध्ये तुम्ही कोंबडीच्या मांडीचे तुकडे एकसारखे कापायला दिवसभर शिकलात आणि घराजवळच्या सगळ्या स्पर्धा आयबीसीएच्या निघाल्या, तर चिकनचा निम्मा धडा वाया गेला.

मेम्फिसची तऱ्हा आणखी निराळी. १९७८ पासून चालत आलेल्या मेम्फिस इन मेच्या स्पर्धेत अख्खं डुक्कर, खांदा आणि रिब्ज असे तीन मुख्य प्रकार आहेत. तिथे परीक्षक तुमच्या तंबूत येऊन बसतात. त्यांचं स्वागत करायचं, स्मोकर दाखवायचा, मांस कसं केलं ते सांगायचं आणि वाढायचं. त्या पद्धतीच्या क्लासमध्ये बोलण्याचा सरावही करून घ्यायला हवा. स्टेक कुकऑफ असोसिएशन २०१३ मध्ये निघाली. तिथे मुख्य प्रकार रिबआय स्टेक, तोही मध्यम शिजलेला, आणि सगळा खेळ काही मिनिटांचा. रात्रभर जागायला नको, खर्च कमी, त्यामुळे नोकरी आणि लहान मुलं सांभाळणाऱ्यांनी या वाटेचा जरूर विचार करावा. ऑस्ट्रेलियात असाल तर तिथल्या स्पर्धांत कोकराचं मांसही असतं.

तेव्हा पहिलं काम असं: तुमच्या घरापासून तीन-चार तासांच्या गाडीच्या अंतरात येत्या वर्षात होणाऱ्या स्पर्धांची यादी काढा. ज्या संस्थेच्या स्पर्धा जास्त, तिच्या पद्धतीचा क्लास शोधा. शोध इथून सुरू केला की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

परीक्षकांचा वर्ग आधी करा

स्वयंपाकाच्या क्लासला पैसे भरण्याआधी परीक्षकांसाठीचा एक दिवसाचा वर्ग करा, असं मी प्रत्येकाला सांगतो. केसीबीएसचे असे वर्ग ठिकठिकाणी होतात, फी पिटमास्टरच्या, म्हणजे स्मोकर सांभाळणाऱ्या मुख्य स्वयंपाक्याच्या, क्लासच्या मानाने अगदी कमी असते, आणि नंतर तुम्हाला खऱ्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बसता येतं. एका दुपारी चार प्रकारांचे मिळून चोवीसेक नमुने तोंडात जातात. ही शिकवणी दुसरीकडे कुठे मिळत नाही.

गुणांचं गणितही तिथेच नीट समजतं. परीक्षक दिसणं, चव आणि मऊपणा या तीन बाबींना दोन ते नऊ असे गुण देतो. एक गुण म्हणजे बाद. पण तिन्हींचं वजन सारखं नाही. दिसण्याला ०.५६००, चवीला २.२९७२ आणि मऊपणाला १.१४२८ ने गुणतात. तिन्हीत नऊ दिले तर एका परीक्षकाचे बरोबर ३६ होतात. सहा परीक्षकांपैकी सगळ्यात कमी देणाऱ्याचे गुण सोडून देतात, म्हणून एका प्रकाराचे जास्तीत जास्त १८० आणि चारांचे ७२०.

आता या आकड्यांकडे शिकणाऱ्याच्या नजरेने पाहा. पाचही परीक्षकांनी चवीत आठच्या जागी नऊ दिले तर साडेअकराच्या जवळपास गुण वाढतात. मऊपणात तसंच झालं तर पावणेसहाच्या आसपास. दिसण्यात मात्र फक्त २.८. तरीही कित्येक क्लासमध्ये कोथिंबीर-पार्सलीची हिरवी गादी रचण्यात दोन-दोन तास जातात, कारण ते फोटोत छान दिसतं आणि शिकवायला सोपं असतं. सजावट तर ऐच्छिकच आहे. बॉक्स नीटनेटका भरता यायलाच हवा, पण क्लासचा वेळ गुणांच्या प्रमाणात वाटलेला आहे का, हे तपासायचं कोष्टक तुमच्या हातात आलं.

परीक्षकाच्या खुर्चीत बसल्याचा आणखी मोठा फायदा म्हणजे जीभ तयार होते. उदाहरणार्थ रिब्ज. घरी आपल्याला हाडापासून सुटून पडणारं मांस आवडतं, पाहुणे त्याची वाहवा करतात. स्पर्धेत ते जास्त शिजलेलं धरतात. चांगल्या रिबला मधोमध चावा घेतला की दातांनी जेवढं धरलं तेवढंच मांस सुटून यायला हवं. बाजूचं मांस हाडाला धरून राहतं, चाव्याची अर्धगोल कडा स्वच्छ दिसते, आणि उघडं पडलेलं हाड बघता बघता कोरडं, पांढुरकं होतं. हे एकदा स्वतःच्या तोंडाने अनुभवलं की पुढे क्लासमध्ये शिक्षक "अजून दहा मिनिटं" म्हणतो तेव्हा तो काय शोधतोय ते कळतं.

शिकवणारा कोण

करंडक मोजू नका, तारखा बघा. दहा-बारा वर्षांत परीक्षकांची आवड बदलते, गोडाचं प्रमाण बदलतं, मांसाची प्रत बदलते. गेल्या दोन वर्षांत ज्या टीमने सातत्याने वरचे क्रमांक घेतले, तिच्याकडे आजची चव आहे. केसीबीएस आपल्या स्पर्धांचे निकाल आणि वर्षभराची गुणतालिका प्रसिद्ध करते. अर्धा तास बसून शिक्षकाच्या टीमचे प्रकारवार क्रमांक काढा. काही जण चिकन-रिब्जमध्ये भारी असतात आणि ब्रिस्केटमध्ये मधल्या फळीत. तुमची दुखरी नस ब्रिस्केट असेल तर अशा शिक्षकाचा एकूण मान मोठा असूनही तुमच्या कामाचा नाही.

नामवंतांच्या बाबतीत ते कुठल्या मैदानावर नामवंत झाले, हेही बघायला हवं. मायरन मिक्सन यांनी मेम्फिस इन मेचा मुख्य किताब २००१, २००४ आणि २००७ मध्ये जिंकला, आणि जॉर्जियातल्या युनाडिला या आपल्या गावी त्यांनी वर्षानुवर्षं क्लास घेतले. अख्खं डुक्कर शिकायचं तर अशा घराण्याचा शोध घ्यावा. टफी स्टोन हे फ्रेंच पद्धतीच्या स्वयंपाकातून आलेले शेफ. टेनेसीतल्या लिंचबर्गची जॅक डॅनियल्सची निमंत्रितांची स्पर्धा त्यांनी तीनदा जिंकली. चवीचे थर कसे रचायचे, यासाठी अशी पार्श्वभूमी मोलाची. दोघेही थोरच, पण त्यांच्याकडून घ्यायच्या गोष्टी वेगळ्या.

जिंकणं आणि शिकवणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, हे मात्र विसरू नका. काही पिटमास्टर हाताने अप्रतिम करतात, पण "का" विचारलं की "सवयीने कळतं" एवढंच सांगतात. याची परीक्षा फोनवर पाच मिनिटांत होते. विचारा, "स्मोकरचं तापमान रात्री दोन वाजता अचानक खाली आलं तर तुम्ही काय करता?" चांगला शिक्षक उलट प्रश्न करतो: कुठला स्मोकर, किती खाली, मांस कुठल्या टप्प्यावर? ज्याला उलट प्रश्न सुचत नाही, त्याला शिकणारा माणूस दिसत नाही.

जुन्या विद्यार्थ्यांशी बोला. "क्लास कसा होता?" असं विचारलं तर सगळेच "मस्त" म्हणतात, कारण जेवण मस्तच असतं. त्यापेक्षा क्लासआधीच्या आणि नंतरच्या स्पर्धांतले त्यांचे क्रमांक विचारा, आणि क्लासमधली कुठली एक गोष्ट ते आजही करतात ते विचारा. उत्तर अडखळलं तर समजून घ्या.

दिवसाचं वेळापत्रक मागून घ्या

पैसे भरण्याआधी क्लासचा तासवार आराखडा मागा, कारण सगळ्यात जास्त त्यातूनच कळतं. २२५ ते २५० अंश फॅरनहाइटवर ब्रिस्केटला दहा ते चौदा तास लागू शकतात. क्लास सकाळी नऊला सुरू होऊन संध्याकाळी पाचला संपत असेल, तर मधला भाग आधीच शिजवलेल्या मांसावर उरकला जाणार हे उघड आहे. ३०० अंशांच्या वर झपाट्याने शिजवणाऱ्यांचा क्लास एका दिवसात बसू शकतो, आणि आज बऱ्याच टीम त्याच मार्गाने जातात. पण मग ती पद्धत तुमच्या स्मोकरवर जमेल का, हा प्रश्न उरतो.

सगळ्यात चांगला आराखडा खऱ्या स्पर्धेसारखा असतो: आदल्या संध्याकाळी कच्चं मांस कापणं आणि साफ करणं, रात्री मोठी मांसं चढवणं, पहाटे ती फॉइलमध्ये किंवा कागदात गुंडाळणं, सकाळी रिब्ज आणि चिकन, आणि दुपारी चार बॉक्स घड्याळ लावून भरणं. केसीबीएसमध्ये सहसा चिकन बारा वाजता, रिब्ज साडेबाराला, पोर्क एकला आणि ब्रिस्केट दीडला द्यायचं असतं. प्रत्येक वेळेच्या पाच मिनिटं आधीपासून पाच मिनिटं नंतरपर्यंतच खिडकी उघडी असते. त्यानंतर आलेला बॉक्स बाद.

या दीड तासात नवखे लोक कोसळतात. चिकनवर सॉसचा शेवटचा हात फिरत असतो, त्याच वेळी रिब्ज फॉइलमधून काढायचे असतात. पोर्कच्या खांद्यातला हाडासमोरचा लांबट स्नायू, ज्याला सगळे मनी मसल म्हणतात, तो वेगळा काढून त्याच्या चकत्या करायच्या असतात. ब्रिस्केट गरम पेटीत विसावलेली असते आणि तिचा जाड भाग बर्न्ट एंड्सच्या, म्हणजे कडा खरपूस झालेल्या, तुकड्यांसाठी परत आगीवर जायला हवा असतो. चाकू एक, हात चार. शिक्षकाने आपलं छापील वेळापत्रक द्यावं, दर पाच मिनिटांना कोण काय करतो ते दाखवावं, आणि विद्यार्थ्यांकडून निदान दोन बॉक्स घड्याळावर भरून घ्यावेत. एवढं ज्या क्लासमध्ये होतं, तिथे बाकी थोडं कमी असलं तरी चालेल.

हात लावायला मिळतो का

मोठ्या मंडपात खुर्च्या टाकून तीस-चाळीस जणांना समोर करून दाखवायचं, असे क्लास बरेच असतात. त्यात ऐकायला मिळतं, पण बोटांना काहीच कळत नाही. माझ्या मते बारा-पंधराच्या वर विद्यार्थी असतील आणि मदतनीस नसेल, तर शिक्षक कितीही मोठा असो, तो क्लास व्हिडिओच्या तोडीचा.

हाताला कळायच्या दोन गोष्टी सांगतो. पहिली चिकनची कातडी. मांडीची कातडी सोडवून उलटी करतात आणि तिच्या आतल्या बाजूची चरबी पात्याने खरवडतात, कातडी जवळजवळ पारदर्शक होईपर्यंत. पातं थोडं जास्त दाबलं की कातडी फाटते, कमी दाबलं की चरबी राहते. मग परीक्षकाने चावा घेतल्यावर अख्खी कातडी मांसावरून ओढली जाते आणि मऊपणाचे गुण जातात. पात्याचा कोन आणि दाब कितीही वर्णन करून सांगितला तरी तो स्वतः खरवडल्याशिवाय बसत नाही. एका विद्यार्थ्याला निदान आठ-दहा मांड्या साफ करायला मिळतात का, ते विचारा.

दुसरी गोष्ट ब्रिस्केट झाली की नाही, हे ओळखणं. तापमापीवर २०३ फॅरनहाइट दिसलं की झालं, असं सर्रास सांगतात. तो फक्त इशारा आहे. खरी खूण म्हणजे तापमापीची सुई आत जाताना लागणारा अडथळा. ब्रिस्केटच्या पातळ भागात, त्यातल्या सगळ्यात जाड जागी सुई घातली की ती मऊ लोण्यात जावी तशी जायला हवी. एखादी ब्रिस्केट १९८ ला तशी होते, एखादी २०८ पर्यंत हट्ट धरते, कारण चिवट कोलॅजेनचं जिलेटिनमध्ये रूपांतर व्हायला तापमानाइतकाच वेळही लागतो. नंतर पेन्सिलीइतकी जाड चकती कापून बोटावर लटकवली तर ती तुटू नये, आणि दोन्ही टोकांना हलकं ओढल्यावर सहज सुटावी. क्लासमध्ये शिक्षकाने "आता नाही", "आता जवळ आली" आणि "आता झाली" अशा तिन्ही अवस्थांत तीच सुई तुमच्या हातात दिली, तर फीचा मोठा भाग तिथेच वसूल झाला.

आग आणि तुमचा स्मोकर

शिक्षक लाकडाच्या मोठ्या ऑफसेटवर (आगीची पेटी बाजूला असलेल्या स्मोकरवर) शिजवत असेल आणि तुमच्याकडे पेलेटचा, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारा, स्मोकर किंवा वेबर कंपनीचा स्मोकी माउंटन हा उभा स्मोकर असेल, तर वेळा जशाच्या तशा लागू पडणार नाहीत. केसीबीएसमध्ये लाकूड, पेलेट आणि कोळसा चालतो. गॅस किंवा विजेच्या आचेवर शिजवलेलं चालत नाही. तेव्हा तुमच्या प्रकारच्या स्मोकरवर जिंकणारा शिक्षक मिळाला तर त्याला झुकतं माप द्या. नाहीच मिळाला तर हवेचा प्रवाह आणि कोळशाची मांडणी मुळापासून समजावणारा शोधा, कारण ते ज्ञान कुठल्याही लोखंडी पेटीला लागू होतं.

आगीचा धडा असला पाहिजे, हे मी ठामपणे सांगतो. जाड पांढरा धूर मांसावर कडवट थर बसवतो, तर नीट पेटलेल्या लाकडाचा धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा असतो. हिकरी, ओक, पिकान, चेरी यातला फरक परीक्षकाला कळो न कळो, कोंडलेल्या आगीचा कडवटपणा सहाही जणांना कळतो. कापल्यावर कडेला दिसणारं गुलाबी वलय फोटोत सुंदर दिसतं, पण केसीबीएसच्या परीक्षकांना त्याचे गुण द्यायचे नसतात. कुठला क्लास त्या वलयावर तासभर घालवत असेल तर तुमच्या गरजेची बाब दुसरीच आहे.

१५० ते १७० फॅरनहाइटच्या पट्ट्यात ब्रिस्केट आणि पोर्कचं तापमान तासन् तास हलत नाही, कारण पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन उष्णता खेचून नेतं. फॉइल किंवा जाड कागद कधी गुंडाळायचा हे तिथूनच निघतं. शिक्षक हे कारणासकट सांगतो की नुसतं "सहा तासांनी गुंडाळा" म्हणतो, याकडे लक्ष ठेवा. मांसाचं विज्ञानच खोलवर शिकायचं असेल तर टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे पशुमांसशास्त्रातले प्राध्यापक कॉलेज स्टेशनला फूडवेज टेक्सास या संस्थेबरोबर ब्रिस्केटचे वर्ग घेतात. त्यांचा रोख स्पर्धेवर नाही, पण पाया तिथे फार पक्का होतो.

नियमांची एक छोटी चाचणी

शिक्षकाला विचारा, "मांसात इंजेक्शन (सुईने आत सोडायचा चवीचा रस) आणि मसाला कधी?" केसीबीएसच्या स्पर्धेत मैदानावर अधिकृत तपासणी होईपर्यंत मांसाला मसाला, मॅरिनेड किंवा इंजेक्शन काहीही लावता येत नाही. साफ करून, कापून आणता येतं. शिवाय मांस तपासणीपासून शिजायला ठेवेपर्यंत ४० फॅरनहाइट किंवा त्याखाली थंड, आणि शिजल्यावर १४० च्या वर गरम ठेवायचं असतं. "आदल्या रात्री घरी चिकन मुरत ठेवायचं" असं सांगणारा क्लास अंगणासाठी ठीक, स्पर्धेसाठी नाही. तसंच मांस आधी उकळून किंवा पाण्यात मंद आचेवर पिशवीबंद शिजवून आणणं केसीबीएसमध्ये चालत नाही.

बीफ-पोर्क न खाणाऱ्यांनी काय करावं

अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत बीफ चालत नाही, काहींत पोर्कही नाही, तरी आगीवर स्वयंपाकाची हौस असते. केसीबीएसचा एकूण किताब चारही प्रकार मिळून ठरतो, त्यामुळे तिथे ब्रिस्केट टाळून पहिलं येता येत नाही. पण कित्येक ठिकाणी मुख्य स्पर्धेबरोबर हौशी लोकांचा बॅकयार्ड विभाग असतो, आणि त्यात बहुधा चिकन आणि रिब्ज एवढंच असतं. काही शिक्षक फक्त याच दोन प्रकारांचा एक दिवसाचा, स्वस्तातला क्लास घेतात. नवशिक्यासाठी तसाही हा उत्तम रस्ता.

चव घेतल्याशिवाय स्पर्धेचा स्वयंपाक होत नाही, हे मात्र मनाशी पक्कं करा. स्वतः खात नसाल तर टीममध्ये जिभेवर विश्वास ठेवता येईल असा जोडीदार हवा, आणि क्लासला दोघांनी एकत्र जावं. बरेच शिक्षक दुसऱ्या माणसाला सवलत देतात, विचारल्यावर तर नक्कीच बोलणं होतं. आपल्या जिभेला आणखी एक जुळवून घ्यावं लागतं. स्पर्धेतली चव गोडाकडे झुकलेली, तिखट मागे, आणि एका घासात भिडणारी असते. परीक्षक प्रत्येक नमुन्याचा एखाद-दुसराच घास घेतो. आपल्याला ते जरा अतीच गोड वाटतं, म्हणूनही आधी परीक्षकाच्या खुर्चीत बसणं उपयोगी.

पैशांचा हिशोब

फी एकटी बघू नका. प्रवास, एक-दोन रात्रींचं हॉटेल, आणि शुक्रवारची सुट्टी धरा. दुसऱ्या पारड्यात एका स्पर्धेचा खर्च ठेवा: प्रवेश शुल्क, वाग्यू जातीच्या गुरांची एक ब्रिस्केट, दोन पोर्कचे खांदे, रिब्जचे तीन-चार रॅक, चिकन, कोळसा, लाकूड. तो आकडाही बघता बघता हजार डॉलरजवळ जातो. चांगल्या क्लासने तुमच्या दोन चाचपडत घातलेल्या स्पर्धा वाचवल्या, तर हिशोब जुळला. वर्षातून एखादीच स्पर्धा करायची असेल तर महागड्या क्लासऐवजी परीक्षकांचा वर्ग आणि एखाद्या अनुभवी टीमबरोबर मदतनीस म्हणून काढलेली एक रात्र पुरेशी आहे. भांडी घासायला आणि कोळसा वाहायला हात हवेच असतात, नम्रपणे विचारलं तर टीम सहसा हो म्हणतात.

फीमध्ये काय येतं, ते लेखी घ्या: छापील टिपणं, वेळापत्रक, जेवण, नंतर प्रश्न विचारायची सोय, आणि क्लास रद्द झाला तर पैसे परत की पुढची तारीख. शिक्षक स्वतःचे मसाले विकतो म्हणून नाक मुरडायचं कारण नाही, तो त्याचा धंदा आहे. पण त्याच्या सॉसशिवाय कृतीच चालणार नाही अशी रचना असेल, तर दर स्पर्धेला तुम्ही त्याचं बिल भरणार. पाककृती बाहेर सांगणार नाही अशा कागदावर सही मागतात, ते रास्त आहे.

ऑनलाइन क्लास स्वस्त असतात, आणि मांस कापणं, बॉक्स भरणं, इंजेक्शनच्या जागा हे त्यात खरोखर चांगलं दिसतं, शिवाय मागे नेऊन पुन्हा बघता येतं. मऊपणाची पारख आणि आगीचा वास तिथून येत नाही. लांब राहणाऱ्यांनी आधी ऑनलाइन करावा, दोन-तीनदा घरी शिजवावं, आणि तरी अडलं तर मैदानातला क्लास निवडावा.

कधी जायचं, आणि आल्यावर काय करायचं

एकही पूर्ण ब्रिस्केट न केलेल्या माणसाने क्लासला जाऊ नये. तुमच्या स्मोकरचं तापमान चार तास स्थिर ठेवता येईल आणि चारही प्रकार निदान एकदा करून बघितलेले असतील, तेव्हा जा. म्हणजे तुमच्याकडे प्रश्न असतील. आधी आपल्या नोंदी लिहून न्या: किती वजन, किती तापमान, कधी गुंडाळलं, कसं झालं. शिक्षकाला त्या दाखवल्या की तो थेट दुखण्यावर बोट ठेवतो.

क्लास सहसा हिवाळ्याच्या शेवटी किंवा वसंताच्या सुरुवातीला, हंगाम सुरू होण्याआधी घ्यावा. परत आल्यावर तीन आठवड्यांच्या आत एक पूर्ण तालीम करा: शुक्रवारी संध्याकाळी सुरुवात, शनिवारी बारा ते दीड चार बॉक्स, वेळेचा गजर लावून. सहा मित्रांना बोलवा, त्यांना केसीबीएसच्या पद्धतीने गुण द्यायला सांगा आणि आपसांत बोलू देऊ नका. त्या पहिल्या तालमीत शिक्षकाची पद्धत एका चिमटीचाही बदल न करता करा, मीठसुद्धा कमी करू नका. दुसऱ्या तालमीपासून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. दोन तालमींनंतरही बॉक्स वेळेत भरला जात नसेल तर शिक्षकाला फोन करा. नंतर प्रश्न विचारायची सोय फीमध्ये लेखी मागून घ्यायला सांगितली होती, ती या फोनसाठी.